झेंड्याच्या कोपऱ्यातली कोशिंबीर

टोरबोर्ग ऐकेलानला झेंडे शिवायला आईने शिकवलं आणि त्या झेंड्यांचा राग करायला बापाने. नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्यांच्या लहानशा बंदरात जहाजवाले झेंडे शिवून न्यायचे ते ऐकेलानांच्याच घरून. तांबडं कापड आणि त्यावर पांढऱ्या काठाचा निळा क्रूस, इथवर काम सोपं. वैताग होता तो वरच्या कोपऱ्याचा. नॉर्वे आणि स्वीडन एकाच राजाच्या छत्राखाली, म्हणून दोन्ही देशांचे रंग त्रिकोणी तुकडे करून त्या एवढ्याशा चौकोनात कोंबायचे. तांबडा, निळा, पिवळा, पांढरा, सगळाच गोंधळ. लोक त्याला हेरिंग मासळीची कोशिंबीर म्हणत.

बाप ताराल्ड शिडाच्या जहाजावरचा खलाशी. त्याच्या तरुणपणी भूमध्य समुद्रात जायचं तर जहाजावर स्वीडनच्या धर्तीचा झेंडा लावावा लागे, कारण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या चाच्यांशी तह स्वीडनने केलेले. मग एका वर्षी हुकूम आला, की सगळ्या समुद्रांत आता नॉर्वेला आपलाच झेंडा लावता येईल. आपल्या झेंड्याखालच्या पहिल्या सफरीची गोष्ट तो जन्मभर सांगत राहिला. फ्रान्समधल्या मार्से बंदराच्या धक्क्यावर हमालांनी विचारलं, हा कुठला झेंडा, तर अख्खं जहाज एका सुरात उत्तरलं होतं, नॉर्वेचा!

"सहा वर्षं मिरवला आम्ही तो," ताराल्ड म्हणायचा. "आणि मग आली ही कोशिंबीर. गावात लोक नाचले. म्हणे स्वीडनच्या झेंड्यातही तीच घातलीय, आता आपण बरोबरीचे. अरे, चुली वेगळ्या आहेत ना? मग दोघांच्या दारावर एकच पाटी कशाला?"

म्हातारपणी तो अंथरुणाला खिळला तेव्हा टोरबोर्ग चाळिशी ओलांडलेली, विधवा, बापाच्याच घरी परतलेली. एक दिवस त्याने तिला जवळ बोलावलं.

"पोरी, मला चर्चला नेशील तेव्हा होडीवर साधा झेंडा लाव. कोपरा नको."

"लावते, बाबा. तुम्ही पेज घ्या आधी."

चर्च खाडीच्या पलीकडे. मेलेला माणूस तिकडे होडीतूनच जायचा, झेंडा अर्ध्यावर उतरवून. ताराल्ड गेला त्या आठवड्यात टोरबोर्गने संबंध तांबड्या कोपऱ्याचा झेंडा शिवला. अंत्ययात्रेच्या सकाळी तो होडीच्या काठीवर चढला, आणि जकात कचेरीचा मुख्य ऊल्रिक बर्ग दोन शिपाई घेऊन धक्क्यावर आला.

"शवपेटीवर काय हवं ते पांघर, टोरबोर्ग," तो म्हणाला. "होडीवर हा चालायचा नाही. पाण्यावर कायद्याचा झेंडा लागतो."

"साहेब, होडीत माझा बाप निजलाय."

"कायदा मेलेल्यांसाठी वेगळा नसतो."

"उन्हाळ्यात तुमचे पाहुणे तुमच्या होडीच्या काठीवर ओले पायमोजे वाळत घालतात. ते कुठल्या कायद्यात बसतं?"

मागे कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. बर्गचे कान लाल झाले. त्याने खूण केली आणि शिपायांनी झेंडा उतरवला. गावातले सगळ्यात मोठे जहाजमालक आणि परदेशी सरकारचे मानद वकील कॉन्सुल फाल्क टोपी हातात धरून शेजारीच उभे होते. टोरबोर्गने त्यांच्याकडे पाहिलं. "आजच्या दिवशी वाद नको, बाई," ते हळूच म्हणाले. होडी उघड्या काठीने निघाली. टोरबोर्ग स्वतः वल्ह्याला बसली ती पलीकडचा किनारा लागेपर्यंत.

पुढच्याच आठवड्यात फाल्कांचा मुनीम नव्या जहाजाचे झेंडे सांगायला आला.

"कोपरा सोडून बाकी शिवते," ती म्हणाली. "कोपरा तुझ्या मालकाने घरी बसून शिवावा."

झालं. फाल्कांनी काम दुसऱ्या गावाला दिलं आणि बाकीचे जहाजवाले मेंढरांसारखे त्यांच्यामागून गेले. टोरबोर्ग शिडांना ठिगळं लावू लागली, कोळ्यांच्या विजारी दुरुस्त करू लागली. शेजारीण ओस्ने समजवायला आली.

"एवढ्याशा चिंधीपायी स्वतःच्या पोटावर पाय देतेस?"

"चिंधीच आहे ना? मग त्यांचं तिच्यावाचून का अडतं?"

अशी बरीच वर्षं गेली. राजधानीत संसदेने साध्या झेंड्याचा ठराव केला, राजाने नाकारला. पुन्हा केला, पुन्हा नाकारला. तिसऱ्यांदा केला तेव्हा राज्यघटनेप्रमाणे राजाच्या सहीवाचून त्याचा कायदा झाला. आणि ज्यांना ती कोशिंबीर आजवर गोड लागत होती, त्या सगळ्यांना एका आठवड्यात तिचा वास यायला लागला.

डिसेंबरात नवा झेंडा चढला त्या दिवशी सभागृहात समारंभ होता. पहिल्या रांगेत बर्ग, छातीवर फीत लावून. व्यासपीठावर कॉन्सुल फाल्क. "या गावाने," ते म्हणाले, "निर्मळ झेंडा पहिल्यापासून हृदयात जपला."

टोरबोर्ग मागच्या बाकावरून उठली. गुडघे दुखत होते, बाकाचा आधार घेऊन उभी राहिली.

"हृदयात असेल, कॉन्सुल. धक्क्यावर दिसला नाही. ताराल्ड ऐकेलानच्या होडीवरून तो उतरवला तेव्हा हे गाव तिथेच उभं होतं, आणि तुम्हीही. उतरवणारे साहेब आज पहिल्या रांगेत बसलेत. मला कोणाचा सत्कार नको, हार नको. पण आम्ही जे सोसलं ते तुम्ही सोसलंत म्हणून सांगू नका."

फाल्कांनी भाषणाचा कागद उलटसुलट केला. टाळ्या वाजल्या नाहीत, कोणी तिला बसायलाही सांगितलं नाही. मग मासळी खारवणारा जुना लार्स उठला, टोपी काढून म्हणाला, "मीही होतो तिथे. गप्प बसलो होतो," आणि खाली बसला. बर्ग समारंभ संपायच्या आत निघून गेला.

त्या हिवाळ्यात टोरबोर्गकडे कामाची रीघ लागली. जुन्या झेंड्यांचे कोपरे उसवून तांबडं कापड जोडायचं. लार्सचं, कोळ्यांचं, शाळेचं, सगळ्यांचं तिने केलं. कॉन्सुलची बायको स्वतः गठ्ठा घेऊन आली, तर टोरबोर्गने तिला कॉफी दिली, सोबत गोड वॅफल दिले, तब्येत विचारली आणि गठ्ठा जसाच्या तसा परत तिच्या हातात ठेवला.

ती गेल्यावर ओस्ने म्हणाली, "आता तरी सोड गं तो राग. झेंडा मिळाला की."

"झेंडा मिळाला," टोरबोर्ग सुईत दोरा ओवत म्हणाली. "बाबांची ती सकाळ कुठे मिळाली?"