शेळी ओरडेना

वनरक्षकाला किस्से गोळा करावे लागत नाहीत, बुटाला चिखल चिकटावा तसे ते घरी येतात. एकट्या आप्पांच्या उसातल्या बिबट्याचेच ऐका!

तळेगाव ढमढेरेकडची केस. आप्पांची बायको, मंदाकाकू, गवत कापताना हल्ल्यात गेली. पंचनाम्याला पोचलो तर सगळा गाव रानात! रेंजरसाहेब ओरडले, "ठसे कुठायत?" जिथं बघावं तिथं चपला! तेवढ्यात पालथ्या घमेल्यावर बसलेली एक आजी म्हणाली, "माझ्याखाली हाय की! सरपंच आला तरी उठले न्हाई!" घमेल्याखाली एक अख्खा ठसा!

*

मग गावानं रस्ता अडवला. "आजच गोळी घाला!"

साहेब म्हणाले, "कोणत्या बिबट्याला?"

"दिसंल त्याला!"

जखमेवरच्या लाळेचं सँपल लॅबला गेलंय, पकडलेल्या बिबट्याशी ते जुळलं तरच तो तोच, हे साहेब घसा फोडून सांगत होते. कोण ऐकतंय! शेवटी आप्पाच उठले. "माझी बायको गेलीय. मला तोच पायजे, दुसरा न्हाई." रस्ता मोकळा झाला. पिंजऱ्यासाठी शेळीही त्यांनीच दिली, काकूंची लाडकी चिमी.

*

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याला हळदकुंकू, हार, उदबत्ती! साहेब भडकले, "या वासानं बिबट्या येईल का?"

आजी म्हणाली, "त्येच्यासाठी न्हाई. तुम्हाला यश यावं म्हणून केलंय!"

*

पण चिमी ओरडेचना! शेळी गप्प, तर बिबट्या कशाला येतोय? आप्पा म्हणाले, "मंदीनं हाक मारली तरच वरडती ती."

त्यांची लेक दौंडच्या रेल्वे कॉलनीत असते. तिच्याकडं काकूंचा एक व्हिडिओ निघाला. त्यातली हाक तेवढी कापून आम्ही स्पीकरवर लावली. "ये गं चिमे, ये!" चिमीनं रान डोक्यावर घेतलं! तिसऱ्या पहाटे धाडकन दार पडलं. बिबट्या आत, आणि मागच्या जाळीच्या कप्प्यात चिमी ठणठणीत! आम्ही अक्षरशः नाचलो.

*

रिपोर्ट आला. जुळला! साहेब आणि मी पळतच आप्पांकडं गेलो.

"आप्पा, तोच होता!"

"बरं झालं," आप्पा म्हणाले. मग माझ्याकडं वळले, "तो व्हिडिओ हाय का तुमच्याकडं? पुरा लावा की."

मी लावला.

"ये गं चिमे, ये! आन् अवो, तुम्ही बी या, च्या निवतोय!"

अंगणातून चिमी ओरडली.

आप्पा उठून उभे राहिले. "आलो, आलो."