उंबऱ्यातली पावलं

धनेश घाडीगावकर माणसाच्या तोंडाकडे शेवटी बघतो. आधी पाय, मग गुडघे, मग कंबर, आणि वेळ उरलाच तर नाव विचारतो. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात माणसांची चाल मोजणारी प्रयोगशाळा आहे, तिथे तो तंत्रज्ञ आहे. पण ही सवय त्याला नोकरीने लावली की सवयीमुळे नोकरी मिळाली, हे आता सांगता येणार नाही. गॅलरीच्या टोकाला कोणी जिना चढून आलं की हा आत बसल्या जागेवरून सांगतो, "बाबुराव आले. आज टाच टेकवत नाहीयेत." बाबुराव खालच्या मजल्यावर राहतात, आणि आपली टाच दुखते हे त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नसतं.

मुलगी पाहायला गेला तेव्हा त्याने मुलीच्या वडिलांना त्यांच्या डाव्या खुब्यात जोर कमी असल्याचं सांगितलं. लग्न जमलं नाही. वडील मात्र पुढच्याच महिन्यात त्याच्या प्रयोगशाळेत तपासायला आले.

ती प्रयोगशाळा मी एकदा पाहिली आहे. पेशंटला हाफपँटवर उभं करतात, त्याच्या घोट्यांवर, गुडघ्यांवर, कमरेवर बोराएवढ्या चकाकत्या गोळ्या चिकटवतात आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला सांगतात. भिंतीवरच्या कॅमेऱ्यांना फक्त गोळ्या दिसतात. त्यामुळे पडद्यावर माणूस नसतो. काळोख असतो आणि त्यात काही ठिपके चालत असतात. वय नाही, कपडे नाहीत, आडनाव नाही, पगार नाही. नुसतं चालणं उरतं, आणि ते फार सुंदर दिसतं. आपण रोज भाजी आणायला जाताना हे करतो, आणि आपल्याला वाटतं की आपण भाजी आणायला चाललोय.

"चालणं म्हणजे काय," धनेश सांगतो, "पडायला सुरुवात करायची आणि वेळेवर पाय पुढे टाकायचा. बस. दर पावलाला माणूस वाचतो." हे तो 'पाणी आलं' म्हणावं तशा आवाजात सांगतो.

तर अशा या माणसाच्या घरात त्याचे वडील उंबऱ्यावर अडकले.

दौलतराव घाडीगावकर बसचे कंडक्टर होते. आमच्या चाळीतली अर्धी माणसं त्यांच्या बसने शाळेत गेली. एका हातात तिकिटांची पेटी, दुसऱ्या हातात पंच, आणि बस लालबागच्या सिग्नलला ब्रेक मारते तेव्हा सगळे प्रवासी पुढच्याच्या पाठीवर. दौलतराव मात्र जमिनीत पुरल्यासारखे सरळ उभे. त्यांनी कधी दांडा धरला नाही. आधार घेणं हा तिकीट काढलेल्या माणसाचा हक्क आहे, असं त्यांचं मत होतं. निवृत्त झाल्यावरही ते मत त्यांनी सोडलं नाही.

मग त्यांची पावलं लहान होत गेली. धनेशने ते सर्वांत आधी पाहिलं आणि सर्वांत उशिरा मान्य केलं. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला, गोळ्या सुरू झाल्या, हाताची थरथर बरीच कमी झाली. पण दार काही सुटेना. घरात फिरायचे, खिडकीपर्यंत जायचे, आणि बाहेर पडायला निघाले की उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटायचे. उंबरा दोन बोटं उंच. वरचं शरीर गॅलरीत जायला निघालेलं, पाय आतच, आणि चेहऱ्यावर मागची बस रिकामी असताना पुढच्याच बसला लोंबकळणाऱ्या प्रवाशाकडे बघावं तसा राग. हा राग पायांवर असायचा.

कोणी हात पुढे केला की ते मागे फिरून खाटेवर बसायचे.

"अहो, मी काय परकी आहे का?" त्यांची बायको, शेवंतीकाकू, म्हणायच्या.

"तू परकी नाहीस. हात परका आहे."

एकदा बाबुरावांनी गंमत म्हणून त्यांच्या मागे देव्हाऱ्यातली घंटा दोनदा वाजवली. कंडक्टरची डबल बेल, म्हणजे बस सोडा. बस सुटली नाही. दौलतराव बाबुरावांशी बरेच दिवस बोलले नाहीत.

आता चाळीत राहणाऱ्याला हे सांगायला नको की संडास गॅलरीच्या टोकाला असतो. तिथवर जाणं ही रोजची गोष्ट, आणि रोजची गोष्टच अडली होती. सकाळी धनेश वडिलांच्या मागे उभा राहायचा, हात न लावता, नुसता पडले तर धरायला. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. रांगेतली माणसं दुसरीकडे बघायची. चाळीत दुसरीकडे बघायला जागा कमी असते, तरी बघायची. शेवटी धनेशने खोलीत वापरायची एक खुर्ची आणली, मधोमध भोक असलेली, आणि कपाटामागे घडी करून ठेवली. वर चादर टाकली. चादरीखाली काय आहे हे दौलतरावांना कळत होतं. त्यांनी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही.

"गौरी-गणपती होईपर्यंत थांब," शेवंतीकाकू मुलाला म्हणाल्या. "मग काढ ती."

दरवर्षी हे कुटुंब गणपतीला गावी जायचं, मालवणजवळ. या वर्षी पहिल्यांदाच गेलं नाही.

धनेश वडिलांना प्रयोगशाळेत न्यायला निघाला, तेव्हा दौलतराव म्हणाले, "माझी चाल माका ठाऊक आसा." तरी गेले. चाळीतून खाली कसे नेले ते लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही. तिथे मृणालिनी मॅडम होत्या, धनेशच्या वरिष्ठ, फिजिओथेरपिस्ट. दौलतरावांनी परक्या बाईसमोर आयुष्यात पहिल्यांदा हाफपँट घातली होती, त्यामुळे ते छताकडे बघत उभे होते.

"काका, घरी चालता तसंच चाला."

"तसा चाललो तर तुमची घरी जायची वेळ होईल, बाई."

आणि ते चालले. धनेश सांगतो की त्याच्या हाताखालून इतके पेशंट गेले, पण अशी चाल त्याने क्वचित पाहिली. पाऊल लांब, हात मोकळे, टोकाला गेल्यावर एका झोकात वळण, आणि वळल्यावर खोलीतल्या सगळ्यांकडे 'पुढे सरका, पुढे जागा आहे' अशी नजर. पडद्यावर ठिपके राजासारखे चालत होते. मिलिमीटरपर्यंत खरं सांगणाऱ्या यंत्राने त्या दिवशी सांगितलं की या गृहस्थांना चालण्याचा काही त्रास नाही म्हटलं तरी चालेल.

"बघितलंस?" दौलतराव मुलाला म्हणाले.

धनेशने कपाळावर हात मारला नाही, पण मारावासा वाटला.

मृणालिनी मॅडमना नवल वाटलं नाही. "इथे बरेच जण असेच चालतात. खोली रुंद आहे, फरशीवर रेघा आहेत, चार माणसं बघतायत. आतून चालण्याचा हुकूम सुटत नाही, पण बाहेरून इशारा मिळाला की मेंदू दुसऱ्या वाटेने काम करून घेतो. घरी इशारा नसतो. दार तर सगळ्यात वाईट."

"मग घरी रेघा मारू?"

"मारून बघ. काहींना लागू पडतं, काहींना थोडे दिवस पडतं. आणि गोळ्यांची वेळ चुकवू नका."

धनेशने दारात आणि गॅलरीत लाल पट्ट्या चिकटवल्या, पावलाच्या अंतरावर, अगदी मोजून. पहिल्या सकाळी दौलतराव उंबरा ओलांडून गेले. शेवंतीकाकूंनी देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या सकाळीही गेले. मग पट्ट्या जुन्या झाल्या. चपला, बादल्या, गॅसचे सिलिंडर यांच्याखाली त्या दोन दिवसांत मळल्या, आणि दौलतरावांचे पाय पट्टीवर येऊन थांबायला लागले. "घराचा प्लॅटफॉर्म केलास," ते म्हणाले, "आता गाडी तेवढी आण." कपाटामागची चादर पुन्हा सगळ्यांना दिसायला लागली.

गौरी आल्या त्या दिवशी धनेश घरी होता.

शेजारच्या खोलीतल्या गंगुबाईंकडे तेरड्याची गौर येते. गौर आणली की तिला घर फिरून दाखवायचं असतं, पण दहा बाय बाराच्या खोलीत दाखवणार काय? म्हणून आमच्या मजल्यावर रीत पडली आहे की गावी न गेलेल्या प्रत्येकाच्या घरात ती जाऊन येते. ज्याच्या त्याच्या दारात ज्याने त्याने पावलं काढायची. शेवंतीकाकूंनी सकाळीच गॅलरी पुसून घेतली, लाल पट्ट्या ओढून काढल्या आणि जिन्यापासून आपल्या उंबऱ्याच्या आतपर्यंत रांगोळीची पावलं काढली. जोडीजोडीने नाही, चालत आल्यासारखी, एक डावं, एक उजवं. प्रत्येक पावलावर हळद आणि कुंकू.

आणि दौलतरावांना बाहेर जायचं झालं.

ते दाराशी आले. नेहमीच्या जागी थांबले. गंगुबाई गौरीच्या तयारीत गॅलरीत उभ्या होत्या, त्या दुसरीकडे बघायला लागल्या. धनेश वडिलांच्या मागे येऊन उभा राहिला. शेवंतीकाकू स्वयंपाकाच्या ओट्यापासून ओरडल्या, "अहो, थांबा जरा, पावलं मोडतील."

ज्या माणसाला महिनोन्‌महिने सगळे 'चला' म्हणत होते, त्याला पहिल्यांदा कोणी 'थांबा' म्हटलं होतं.

"दिसतात माका," दौलतराव म्हणाले. त्यांनी खाली बघितलं. मग डावा पाय उचलला, गुडघ्यातून, पुरा, देवळाची पायरी चढावी तसा, आणि उंबऱ्यापलीकडे पहिल्या पावलाच्या पुढे टेकवला. मग उजवा. पुढचं पाऊल ओलांडून पुढे. त्याच्या पुढे.

धनेशच्या शब्दांत सांगायचं तर अंगठा जमिनीपासून पुरेसा सुटत होता. एवढंच तो सांगू शकतो. त्याच्या कामात याहून मोठा शब्द नाही. मी तिथे होतो, म्हणून थोडं अधिक सांगतो. गौर आत येणार होती आणि दौलतराव बाहेर चालले होते, तिच्या पावलांमधून, एकाही बोटाला धक्का न लावता. सत्तरीतल्या या माणसाने जन्मात कधी रांगोळीवर पाय दिला नव्हता. लाल पट्टीवर पाय पडला तर काही बिघडत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि त्यांच्या पायांनाही माहीत होतं. रांगोळीवर पाय पडता कामा नये, हेही त्यांच्या पायांना माहीत होतं. औषध, यंत्र, मुलगा, बायको यांचं न ऐकणारे ते पाय एका चिमूटभर पांढऱ्या पुडीचा मान ठेवत होते. गॅलरीत कोणी हललं नाही. गंगुबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

अडचण एकच होती. त्यांना जायचं होतं संडासला, आणि पावलं जिन्याकडे जात होती. दौलतराव पावलांबरोबर जिन्यापर्यंत गेले. तिथे रांगोळी संपली, पण पायऱ्या सुरू झाल्या, आणि पायऱ्यांवर त्यांचा पाय तसाही कमी अडतो. पायरी म्हणजे घडवलेली रेघच. ते कठडा न धरता खाली उतरले आणि तळमजल्याचा संडास वापरला.

"मोबाइल काढायचास ना, मॅडमना दाखवायला," कोणीतरी धनेशला म्हटलं. तो खिशावर हात ठेवून उभा होता. हात खिशात गेला नव्हता.

पुढचं साधं आहे. धनेशने दादरच्या बाजारातून प्लास्टिकची लक्ष्मीची पावलं आणली, चिकटवायची, धुता येणारी. दौलतरावांनी त्यांच्यावर सरळ पाय दिला आणि अडकले. "ह्यां प्लास्टिक," ते म्हणाले. पुसली जाईल अशीच रांगोळी लागते. म्हणून शेवंतीकाकू रोज सकाळी गॅलरी पुसतात आणि पावलं काढतात, आता संडासाच्या बाजूलाही.

यावर गंगुबाईंनी हरकत घेतली. "गौर कधीच गेली, आणि पावलं कसली काढतंस रोज? आणि ती पण तिकडे?"

"परत येईल ना. वाट पुसून कशाला ठेवू?"

"संडासाकडनं येतली काय गो ती?"

"आली तर काय करशील? हात धुवायला पाणी दे."

मृणालिनी मॅडमनी गॅलरीतल्या रांगोळीचा फोटो बघितला आणि बजावलं की हे रोज चालेलच असं नाही, आजार पुढे जातो, गोळ्या आणि व्यायाम सोडायचा नाही. ते खरं आहे. काही दिवस वाईट जातात. कपाटामागची खुर्ची अजून आहे, चादरीसकट. शेवंतीकाकू तिच्यावर कांदे-बटाट्याची टोपली ठेवतात.

धनेश संध्याकाळी कामावरून येतो तो खाली बघतच. दिवसभराचा अहवाल त्याच्या वाटेत पडलेला असतो. एखाद्या पावलाचा अंगठा फिसकटलेला असला तर तिथे पाय घासला. दोन-तीन फिसकटली असतील तर दुपारची गोळी उशिरा घेतली. परळचे कॅमेरे याहून जास्त सांगतात, पण त्यांना हळद-कुंकू कळत नाही.

परवा सगळी पावलं शाबूत होती. इतकी स्वच्छ, की तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"आई, बाबा आज बाहेर पडलेच नाहीत?"

"चार वाजल्यापासून खाली बसलेत," शेवंतीकाकू म्हणाल्या. "बघ जाऊन."

धनेश कठड्यावरून वाकला. खाली बाकावर दौलतराव बाबुरावांना काहीतरी समजावत होते, आणि बाबुराव टाच चोळत ऐकत होते. धनेश बराच वेळ तसाच वाकून बघत राहिला. मग वळला आणि आत शिरला, नाकासमोर बघत, आणि उंबऱ्यातल्या पावलावर त्याचा बूट पडला.

"आंधळा झालास काय रे?" शेवंतीकाकू म्हणाल्या. "माणसं चालतात तिथे."