पायलटमागची खुर्ची

तांडापेठेतल्या तुळजाबाई हेडाऊला दुसऱ्याचं बरं पाहवत नसे, हे ती स्वतःच सांगायची. त्यात लपवायचं काय? देवकीच्या घरी शिलाई मशीन आली त्या दिवशी हिला जेवण गेलं नाही. समोरच्यांचा दोडक्याचा वेल लदबदला आणि हिच्या वेलाला फूल धरेना, तर ही त्या वेलाकडे पाठ करून भांडी घासू लागली. पण कोणाचं वाईट कधी केलं नाही. मनसोक्त जळायची, आणि जळून झालं की त्याच देवकीकडे वाटीभर वरण घेऊन जायची. "माह्या पोटात आग हाय, तोंडात नाई," असं म्हणायची. खरं सांगायचं तर थोडी तोंडातही होती.

तर अशा बाईला नवरा मिळाला तो विमानात सामान चढवणारा. नत्थूजींचं घर कोष्ट्याचं, बाप आणि आजा मागावर बसून म्हातारे झाले. नत्थूजींनी माग सोडून सोनेगावच्या विमानतळावर लोडरची नोकरी धरली, तेव्हा अख्ख्या पेठेनं तोंडात बोटं घातली. काम म्हणाल तर हमालीचंच. विमान आलं की शिडी लावायची, पेट्या उतरवायच्या, पेट्या चढवायच्या. पण खाकी शर्टावर कंपनीचा बिल्ला होता, आणि वर्षातून एकदा नवरा-बायकोला फुकट विमानप्रवासाचा पास होता. पासाला अट एकच. पैसे भरलेले सगळे प्रवासी बसले आणि जागा उरली, तर बसा. नाही उरली तर आपल्या घरी जा. नत्थूजींनी हे बायकोला समजावून सांगितलं होतं. तिनं पास तेवढा ऐकला, अट काही ऐकली नाही.

अडुसष्ट साल असेल. मुंबईला नत्थूजींचा चुलतभाऊ गिरणीत होता, त्याच्याकडे जायचं ठरलं. तुळजाबाईनं पेठेत बातमी कशी पसरवली ते विचारू नका. मीठ मागायला गेली तरी आधी विमान सांगायची, मग मीठ. निघायच्या दिवशी बाया जमल्या, ओटी भरली. तिच्या बापानं स्वतःच्या मागावर विणलेलं नागपुरी पातळ तिनं घडी मोडून नेसलं. देवकीनं आपल्या भावाचा काळा चष्मा आणून दिला आणि म्हणाली, वर ऊन जवळ असते म्हणतात, डोये सांभाळजो. देवकीचा चेहरा पाहून तुळजाबाईनं ओळखलं की आज जळायची पाळी देवकीची आहे. रिक्षात बसल्यावरही ती मागे वळून वळून तो चेहरा पाहत होती.

सोनेगावला दोघं सावलीत ट्रंकेजवळ बसली. पैसेवाले प्रवासी एकेक करत शिडी चढले. एक जाडे शेठ अगदी शेवटी धापा टाकत आले, आणि त्यांच्याबरोबर शेवटची जागाही गेली. नत्थूजींनी ट्रंकेची कडी धरली, आता परत फिरायचं म्हणून. तेवढ्यात मोठ्या मिशांचे कॅप्टन साहेब विमानाकडे जाता जाता थांबले. त्यांनी नत्थूजींना चक्क नावानं हाक मारली. म्हणाले, आमच्या दोघा पायलटांच्या मागं एक घडीची खुर्ची असते, जम्पसीट म्हणतात तिला, तीवर कंपनीचा माणूस बसवता येतो, चल. आणि बाई? बाईला नाही चालत. कंपनीच्याच माणसाला, असा नियम.

नत्थूजींनी बायकोकडे पाहिलं. तुळजाबाईला वाटलं, आता हा नाही म्हणेल, हात जोडेल, साहेब पुन्हा कधी तरी म्हणेल. पण आजवर ज्याला सगळे 'ए लोडर' म्हणत आले, त्याला चारचौघांत कॅप्टननं नावानं बोलावलं होतं.

"मी येतो वं चार दिसात," नत्थूजी म्हणाले, आणि गेले.

हातातोंडाशी आलेला घास कावळ्यानं न्यावा तसं झालं. तुळजाबाई विमानतळाच्या कठड्याशी उभी राहिली. नवं पातळ, ओटीतला नारळ, पायाशी ट्रंक. डोळ्यांत पाणी आलं तसा तिनं देवकीचा चष्मा लावला. विमान वळलं, धावलं, आणि तिच्या डोक्यावरून निघून गेलं.

आता घरी कोणत्या तोंडानं जायचं? हळदीकुंकू लावून पेठेनं तिला वाटेला लावलं होतं. तिनं नत्थूजींच्या जोडीदार लोडरजवळ निरोप ठेवला आणि सरळ शहराबाहेरच्या वाडीची वाट धरली. तिथं तिची बहीण सिंधूताई ट्रान्सपोर्टच्या गोदामामागे एका खोलीत भाड्यानं राहत होती. त्या खोलीत तुळजाबाईनं चार दिवस ट्रकांची धूळ खाल्ली. नळावरसुद्धा गेली नाही, कारण तांडापेठेतले कोष्टी सुताचे गठ्ठे सोडवायला त्याच गोदामात यायचे. खिडकीवर पोतं टाकून ती आत बसली आणि मुंबईतल्या नवऱ्याला शिव्या घालत राहिली. सिंधूताई म्हणे, जाऊ दे वं, नवराच तं गेला, सवत तं नाई आनली. तुळजाबाईला ते पटलं नाही. तिच्या मते ती खुर्ची सवतच होती.

नत्थूजी वाडीला आले ते मुंबईचा हलवा आणि चोरासारखं तोंड घेऊन. त्यांना वाटलं आता महाभारत होईल. पण तुळजाबाईनं पाण्याचा गिलास पुढे केला.

"बसा," ती म्हणाली. "आन सांगा. काई म्हंजे काई सोडू नका."

नत्थूजी आधी अडखळले. मग हळूहळू बोलू लागले. ढग म्हणे समोरून चालत अंगावर येतात. आता आपटलो असं वाटते, छाती धडधडते, आणि काहीच होत नाही, आपण त्यांच्या पोटातून पलीकडे निघतो. नद्या पदराच्या जरीसारख्या दिसतात. मुंबई जवळ आली की समुद्र आडवा नाही, उभा दिसतो, निळी भिंत घातल्यासारखा. आणि उतरताना जमीनच वर येते, आपल्याला घ्यायला. तुळजाबाई एकेक शब्द गिळत होती आणि शब्दागणिक तिच्या अंगाची लाही होत होती. दोनदा, तीनदा तिनं सगळं वदवून घेतलं. तिला ते पाठ झालं. पाठ होऊनही ते त्याचंच राहिलं, हे तिला सहन होत नव्हतं.

मग दोघं जोडीनं पेठेत शिरली. बाया गोळा झाल्या, हलवा वाटला, आणि तुळजाबाईनं ओसरीवर बसून विमान सांगितलं. ढग अंगावर आले तेव्हा बायांनी पदर तोंडाला लावले. समुद्र उभा राहिला तेव्हा एका म्हातारीनं हात जोडले. देवकीनं चष्मा परत घेताना हळूच विचारलं, ऊन लागलं का वं? लागलं ना, तुळजाबाई म्हणाली, लय लागलं.

पुढं ती गोष्ट पेठेची झाली. कोणाची सून नवी आली, कोणाकडे उमरेडचे पाहुणे आले, की त्यांना तुळजाबाईच्या ओसरीवर आणायचे. गोष्टीला नवी पालवीही फुटत गेली. एका वर्षी ढगात इंद्रधनुष्य आलं ते कायमचं राहिलं. नत्थूजींना कोणी विचारलं तर ते म्हणत, तिलेच इचारा. तुळजाबाईला वाटे, हा चिकट आहे, चांगलं चांगलं पोटात ठेवून मला उरलंसुरलं दिलं यानं. संध्याकाळी नत्थूजी बाजेवर डोळे मिटून पडले की ती चुलीजवळून पाहत राही. हा आता तिथंच बसला असेल, त्या सवतीजवळ, तिचा जीव म्हणायचा. मग भाजी लागून जायची.

पास दरवर्षी यायचा. कधी पोटात लेकरू होतं, कधी सासूचा लकवा, आणि काहीच नसलं की ती स्वतःच नको म्हणायची. पुन्हा त्या कठड्याशी उभं राहून परतायची तिची हिंमत नव्हती.

मग पेठेत शोभाताई नावाच्या मास्तरीणबाई भाड्यानं राहायला आल्या. त्या खरोखरच विमानात बसल्या होत्या, नवऱ्याबरोबर, दिल्लीला. त्यांनी गोष्ट शेवटपर्यंत ऐकली आणि साधेपणानंच विचारलं, की प्रवाशांना तर बाजूची खिडकी असते, समोर पायलटचं दार बंद असतं, मग तुम्हाला समोरचे ढग दिसले कसे? देवकीनं मान वर केली. पण तुळजाबाईची जीभ काही हरली नाही.

"मले पायलटच्या मांगं बसवलं होतं," ती म्हणाली. "तिथं एक घडीची खुर्ची असते."

शोभाताईंनी मान हलवली. ती खुर्ची त्यांना ठाऊक नव्हती. पण देवकी कसली सोडते? तिनं बाजेकडे वळून विचारलं, मग भाऊजी, तुमी कुठं होते? सगळ्या बाया नत्थूजींकडे पाहू लागल्या. त्यांच्या तोंडून एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर तुळजाबाईला पेठ सोडून वाडीलाच जाऊन राहावं लागलं असतं.

"मी मांगं होतो," नत्थूजी म्हणाले. "मले काई दिसलं नाई."

त्या दिवशी नवऱ्यानं आपली लाज राखली हे तिला कळलं. दुसरी एखादी विरघळली असती. हिला मात्र वाटलं, ज्याच्याजवळ खरं आहे त्याला खोटं बोलायला काय जातं? तिनं त्याला गोड शिरा करून घातला आणि शिरा ढवळतानाही जळत राहिली.

चौऱ्याऐंशीत नत्थूजी रिटायर व्हायला आले. पोरांनी हट्टच धरला, शेवटचा पास आहे, आई, या वेळी जा. तुळजाबाई देवाचं नाव घेत सोनेगावला गेली, आणि या वेळी जागा उरल्या. दोघांना शेजारशेजारच्या. तिला खिडकी. विमान आता मोठं जेट होतं. ते उठलं तशी ती काचेला नाक लावून बसली. दिसला एक मोठा पत्र्याचा पंख. पंखाखाली थोडी जमीन, तीही मागे मागे जाणारी. अंगावर काहीच येत नव्हतं.

"हेच का विमान?" ती म्हणाली.

तेवढ्यात हवाई सुंदरी आली. कॅप्टनला कळलं होतं की एवढी वर्षं सामान चढवणारे नत्थूजी शेवटच्या पासावर चाललेत. त्यांनी बोलावलं होतं, पुढं जम्पसीट रिकामी आहे, येऊन बसा. कंपनीच्याच माणसाला, अर्थातच. तुळजाबाईच्या पोटात जुना जाळ भडकला. पण नत्थूजींनी मान हलवली. नको म्हणाले.

"काहून?" तुळजाबाईला राग आला. "काहून नाई जात? माह्यावर उपकार करून राहिले काय?"

नत्थूजींनी पोटावरचा पट्टा उगीच घट्ट केला.

"मी त्या रोजी डोये उघडलेच नाई वं," ते म्हणाले. "विमान वयलं तवा उघडे होते. तं कठड्यापाशी तू उभी दिसली, चष्मा लावून. मंग मिटले ते मुंबईलेच उघडले."

तुळजाबाईला आधी अर्थच लागेना.

"आन ते ढग? तो उभा समुद्र?"

"तू म्हनली, काई सोडू नका. मंग मी काय सांगू?"

ज्या खुर्चीसाठी तिनं भाज्या जाळल्या, ज्या खुर्चीला उभा जन्म सवत म्हटलं, तीवर हा माणूस डोळे मिटून बसला होता. तिला कळवळा यायला हवा होता. आलाही असेल, पण त्याच्या आधी राग आला, आणि रागाच्याही आधी तीच आग. एवढी जागा मिळाली आणि वाया घालवली. तिला बसवलं असतं तर तिनं पापणी लवू दिली नसती.

"जा," ती दातओठ खात म्हणाली. "आन डोये उघडे ठेवजा. मी आता कठड्यापाशी उभी नाई."

नत्थूजी गेले. तुळजाबाई रिकाम्या सीटशेजारी बसून पंख पाहत राहिली. मुंबई यायच्या जरा आधी ते परत आले. डोळे लाल झाले होते, आणि तोंड देवळातून आलेल्या माणसासारखं झालं होतं.

"सांगा," ती म्हणाली.

"काय सांगू वं."

"ढग आले अंगावर?"

त्यांनी मान डोलावली.

"नद्या जरीसारख्या होत्या?"

"तसं नाई वं."

"मंग कशा?"

नत्थूजींनी हात उचलला, हवेत काही तरी दाखवू पाहिलं, आणि हात मांडीवर ठेवून दिला. न पाहता ज्या माणसानं एवढं सांगितलं होतं, त्याला आज पाहून एक शब्द सुचत नव्हता. तुळजाबाईला तेव्हा कळलं, आजवर त्याच्याजवळ होतं ते सगळं तिच्याजवळही होतं, उलट इंद्रधनुष्य तिचं जास्तीचं होतं. आज मात्र त्याला असं काही मिळालं होतं जे तिला वदवूनही घेता येणार नव्हतं.

"पेठेत मीच सांगीन," ती म्हणाली.

"हो. तूच सांगजो."

आणि त्यांनी मान मागे टेकून डोळे मिटले. पापण्यांच्या आत बुबुळं हलत होती. हा आता पुन्हा त्या सवतीजवळ बसलाय हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि या वेळी ते खरं होतं. तिनं कोपरानं त्यांच्या फासळीत ढोसलं.

"डोये उघडा," तुळजाबाई म्हणाली. "मी इथं हावो."