मेणाचे दात आणि लाल गाडी

दात कोरून पोट भरत नाही अशी म्हण आहे. आमच्या गल्लीतल्या दातवाल्याचं मात्र दात वाहून वर्षानुवर्षं व्यवस्थित भरत होतं.

माणसाचे दात माणसाबरोबर असतात असा आपला समज असतो. कवळीच्या बाबतीत तो खरा नाही. दंतवैद्य तोंडाचं माप घेतो. ते माप कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये जातं. तिथे मेणाच्या हिरडीत एकेक दात रोवला जातो. ती मेणाची कवळी दवाखान्यात येते. रुग्ण ती तोंडात धरून आरशात बघतो, कुरकुर करतो. मग ती परत लॅबमध्ये जाते आणि मेणाच्या जागी पक्की हिरडी येते. थोडक्यात, म्हातारा पहिला घास घेईपर्यंत त्याचे दात गावभर हिंडून आलेले असतात. हे हिंडवण्याचं काम दातवाल्याकडे होतं. कुठल्या समारंभात कोणी आजोबा खळखळून हसले की तो बायकोच्या कानाशी लागायचा, "वरची आपली आहे." आणि बायको म्हणायची, "अहो, हळू. त्यांच्या सुनेला माहीत नसेल."

त्याची जुनी मोटारसायकल त्याच्यासारखीच होती. पहिल्या किकला चालू व्हायची, चढावर थोडी पुटपुटायची, पेट्रोल औषधासारखं प्यायची आणि कोणाच्या नजरेत भरायची नाही. अशा गाडीबद्दल तक्रार करायला जागा नसते, हीच तिच्याबद्दलची तक्रार. शेवटी एक दिवस तिचं इंजिन गॅरेजवाल्या मिस्त्रींच्या टेबलावर सुटं होऊन पडलं आणि मिस्त्रींनी डॉक्टरी चेहरा करून मान हलवली.

तो ज्या लॅबचे दात वाहायचा, ती एका बाईंची होती. त्या म्हणाल्या, "नवी घ्या. अर्धे लॅब देईल. कुठली घ्यायची ते तुम्ही ठरवा. गाडी तुमची, पण दात माझे, एवढं लक्षात ठेवा."

दोन गाड्या समोर होत्या. एक काळी, जुनीचीच धाकटी बहीण. दुसरी लाल. लाल गाडीची टाकी पैलवानाच्या छातीसारखी होती, हँडल खाली, सीट वर, आणि सायलेन्सर विंचवाच्या नांगीसारखा शेपटीखाली उचललेला. शिवणाचा वर्ग चालवणाऱ्या बायकोचं यंत्रांबद्दल ठाम मत होतं.

"यंत्र कसं असावं? तेल घालावं, पाय मारावा, शिवत सुटावं. ही लाल तर उभ्या उभ्याच रुसल्यासारखी दिसते."

"पिकअप बघ ना तिचा."

"तुम्हाला पळायचंय कुठे? दात काय नासतात का वाटेत?"

"अगं, वेळ वाचतो."

"वाचवून ठेवणार कुठे आहात तो?"

बायकोने दातांच्या कण्या केल्या. त्याने मिस्त्रींचा सल्ला घेतला. मिस्त्रींनी हात पुसत दोन्ही गाड्यांची जात सांगितली. लाल गाडीला ॲव्हरेज निम्मं, टायर लवकर जाणार, सुटा भाग मागवला तर येईपर्यंत माणूस चालायला शिकतो. मग म्हणाले, "काळी घेतली तर तुमचं घर चालेल. लाल घेतली तर माझं. मी काय सांगू?"

इतकं ऐकून तो काळी गाडी घ्यायला शोरूममध्ये गेला. विक्रेत्याने सहज विचारलं, "लाल एकदा चालवून बघणार का? घेऊ नका हो, नुसती बघा."

नदीकडच्या सरळ रस्त्यावर त्याने मूठ पिळली आणि पोट पाठीला जाऊन चिकटलं. झाडं एकमेकांत मिसळली. तोंडातून एक आवाज निघाला, तो आपला आहे हे त्याला थोड्या वेळाने कळलं. आयुष्यभर इतरांच्या हसण्याची ने-आण केलेला हा माणूस त्या दिवशी हेल्मेटच्या आत, कोणी बघत नसताना, सगळे दात दाखवून हसला. काळ्या गाडीकडे त्याने परतल्यावर पाहिलंही नाही.

बायको म्हणाली, "घेतलीत? बरं. हसतील त्याचे दात दिसतील. आणि बिघडली तर मला 'चल मागून ढकल' म्हणू नका."

गाडी बिघडली नाही. बिघडले ते दात.

जुन्या गाडीवरचा डबा त्याने नव्या गाडीच्या शेपटीवर बसवून घेतला होता. थोड्याच दिवसांत एका डॉक्टरांचा लॅबमध्ये फोन आला: "अहो बाई, तुमच्या कवळीचे पुढचे दोन दात एकमेकांशी अबोला धरून बसलेत." दुसऱ्या दवाखान्यात एका निवृत्त न्यायाधीशांनी मेणाची कवळी लावून आरशात पाहिलं, तर डाव्या बाजूने ते निर्दोष सोडल्यासारखे हसत होते आणि उजव्या बाजूने जन्मठेप देत होते. तिसऱ्या दवाखान्यातली कवळी तर तोंडात जायच्या आधीच जांभई देत होती.

मेणात दात रोवणारा माणूस एकच. सगळे त्यांना मामा म्हणत. मामांनी उभी हयात लॅबच्या खिडकीपाशी घालवली होती. बाई त्यांना एवढंच म्हणाल्या, "मामा, आता थोडा आराम करायला हरकत नाही." मामा अर्थ समजले. त्यांनी मुकाट्याने जाऊन डोळे तपासून घेतले, जाड काचांचा चष्मा आणला आणि प्रत्येक दात तीनतीनदा जोखू लागले. तरी तक्रारी येतच होत्या. बाईंनी एका तरुण कारागिराला पुढच्या आठवड्यापासून बोलावलं. मामांची खुर्ची जाणार हे लॅबमध्ये सर्वांना ठाऊक झालं होतं.

"हात नाही रे गेला माझा," मामा दातवाल्याला कवळी देताना म्हणाले. "हात सांगतो ना, दात सरळ आहे म्हणून. मग डोळाच खोटं बोलत असणार."

"असेल मामा. वय झालं," दातवाला म्हणाला आणि सहानुभूतीने, पण भरधाव निघाला.

रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी चालली होती, आणि मालगाडीला कोणाचीच घाई नसते. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला, आळस देताना हात डब्यावर टेकला आणि चटकन मागे घेतला. डबा तव्यासारखा तापला होता. शेपटीखालच्या त्या उचललेल्या सायलेन्सरची सगळी धग वर डब्यात चढत होती. त्याने झाकण उघडलं. मामांनी तीनदा जोखलेली कवळी पेंगुळली होती. पुढचे दात मेणात कलंडून एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपलेले.

मालगाडी जाईपर्यंत त्याने बराच विचार केला. एक सोपी वाट होती. डबा गुपचूप दुसरीकडे हलवायचा, दात सरळ पोचायला लागतील, श्रेय मामांच्या नव्या चष्म्याला मिळेल, गाडी राहील. या वाटेत एकच खड्डा होता. तरुण कारागीर सोमवारी यायचा होता, आणि चष्म्याची कीर्ती पसरायच्या आत मामा घरी बसले असते. फाटक उघडलं. मागच्यांनी हॉर्नचा गजर केला. त्याने गाडी वळवली आणि, लाल गाडीच्या इतिहासात प्रथमच, हळूहळू परत आला.

कवळी बाईंच्या टेबलावर ठेवून त्याने सगळं सांगितलं. मामा खिडकीपाशी उभे होते.

"म्हणजे तुमच्या वेगापायी मी या माणसाला घरी बसवत होते?" बाई म्हणाल्या.

"वेगाचा दोष नाही बाई. थांबण्याचा आहे. पळताना वारा लागतो, मेण थंड राहतं. थांबलं की तापतं. म्हणजे खरं तर मी आणखी जोरात—"

"एक शब्द बोलू नका."

बाईंनी कवळी उचलून उजेडात धरली.

"गाडी विका. काळी घ्या. नुकसान होईल ते तुमचं."

यावर मामांनी चष्मा काढून पुसला. मघापासून त्यांचा चेहरा पाठीवरचं पोतं कोणी उतरवून घेतल्यासारखा झाला होता. ते म्हणाले, "विकू कशाला? डबा पुढे घ्यावा. छातीशी. लेकरू बांधतात तसा. याची बायको शिवते ना? पट्टे शिवून देईल."

बाईंनी त्या तरुण कारागिराला फोन करून येऊ नका म्हणून कळवलं आणि दातवाल्याला एक संधी दिली.

बायकोने पट्टे शिवले. दुहेरी शिवणीचे. डबा छातीशी बांधल्यावर कळलं की आता हँडलवर वाकता येत नाही. वाकलं तर दातांवर हनुवटी. त्यामुळे खाली वाकून वारा कापण्यासाठी बनवलेल्या त्या गाडीवर तो खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसायचा आणि जुन्या गाडीच्या चालीने जायचा. सायकलवाले ओलांडून जात. शाळेची मुलं ओरडत, "काका, पळवा ना!" तो गंभीरपणे सांगायचा, "आत म्हातारी माणसं आहेत."

दात सरळ पोचू लागले. न्यायाधीश दोन्ही बाजूंनी सारखेच कठोर दिसू लागले. मामांनी चष्मा काही उतरवला नाही. म्हणाले, पैसे गेलेच आहेत, तर बघून घेतो जरा. मिस्त्रींना मात्र लाल गाडी इतक्या सावकाश चालवलेली बघवत नसे. "प्लगला काजळी धरेल," ते म्हणत. "हिला मोकळी सोडावी लागते अधूनमधून. मी कमाईसाठी नाही सांगत."

हा वैद्यकीय सल्ला दातवाल्याने फार मनावर घेतला. सगळे दवाखाने त्याच्याकडून दात घेऊन नवी मापं देत, त्यामुळे छाती कधी मोकळी नसे. अपवाद फक्त नदीपलीकडच्या डॉक्टरांचा. त्यांची मापं सकाळी त्यांचा कंपाउंडरच लॅबमध्ये टाकून जायचा. पूर्वी हा दवाखाना फेरीत मधेच कुठेतरी यायचा. आता तो सगळ्यांत शेवटी येऊ लागला.

"काय हो, हल्ली माझा नंबर नेहमी शेवटी?" डॉक्टरांनी कवळी ताब्यात घेत एकदा विचारलं.

"तुमच्या पेशंटना घाई नसते, डॉक्टर."

"ते खरं आहे," डॉक्टर म्हणाले. दातवाल्याने रिकाम्या डब्याचे पट्टे सोडले, डबा पाठीवर घेतला आणि जिना उतरला. डॉक्टर खिडकीशी गेले. खाली नदीकडचा रस्ता सरळ आणि मोकळा पडला होता. लाल गाडीवर एक मध्यमवयीन गृहस्थ हँडलवर पार आडवा झाला आणि बघता बघता ठिपका झाला.

घरी बायकोने दार उघडलं.

"डोळ्यांत पाणी कशाचं?"

"वारा."

"बरं," ती म्हणाली. "उद्या माझा वर्ग लवकर सुटतो. शेवटच्या डॉक्टरकडे मीही येते. बघू तरी, कसला एवढा वारा असतो तिथे."