मोर्विदचं लोनिद

डोंगरातल्या ब्लाइनकूम गावच्या मोर्विदच्या तोंडी एकच शब्द असायचा : लोनिद. वळवळणाऱ्या मेंढीला ‘स्थिर राहा’ म्हणून लोनिद, भुंकणाऱ्या कुत्र्याला लोनिद. नवरा गेल्यावर केक घेऊन सांत्वनाला आलेल्या बायकांनाही तिने दारातूनच सुनावलं, “लोनिद द्या मला!” म्हणजे, माझा पिच्छा सोडा. केक मात्र ठेवून घेतला. बाई होतीच तशी फटकळ.

धाकट्या दिराचा, मायरिगचा, तिच्या कळपावर डोळा होता. “वहिनी, तुझ्याच्याने झेपायचं नाही. विकून टाक मला.”

“तुला विकण्यापेक्षा लांडग्याला फुकट देईन. नीघ!”

त्या डोंगरात लोकर कातरायचा दिवस प्रत्येक घराचा ठरलेला. शेजाऱ्यांना बोलवायचं नसतं; ते आपणहून कातरायला येतात, आपण जेवू घालायचं. बोलवणं धाडलं की आपल्याला झेपत नाही हे कबूल केल्यासारखं. मोर्विदने मेंढ्या आदल्या दिवशीच खाली आणल्या होत्या. पहाटे उठून तिने मटण शिजवलं, बटाटे उकडले, लांबलचक टेबल मांडलं.

कोणी आलं नाही.

उन्हं चढल्यावर आले, पण कुंपणाच्या भिंतीपलीकडेच थांबले. सगळा गाव, पुढे मायरिग.

“लोनिद हवं होतं ना वहिनी? घे, पोटभर घे!”

मागचे फिदीफिदी हसले. एवढा कळप एकटीने कातरणं अशक्य, हे तिला कळत होतं. लोकर अंगावर राहिली तर माश्या बसून जनावरं किडणार, हेही. ‘या रे’ एवढंच म्हणायचं होतं. मायरिग तेवढ्याचीच वाट बघत होता. आज हाक मारली की उद्या कळप त्याचा.

मोर्विद घरात गेली. मटणाचं पातेलं उचलून आणलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कुत्र्यांपुढे पालथं केलं.

“अगं, वेड लागलं का तुला?” शेजारची म्हातारी एल्वेद ओरडली.

मोर्विदने पहिली मेंढी ओढली, गुडघ्याखाली दाबली, कातर चालवली. मेंढीच्या कातडीला चीर गेली, रक्त आलं. ती थांबली नाही. दुसरी ओढली.

भिंतीपलीकडे आता कोणी हसत नव्हतं. आत यायची हिंमतही कोणी केली नाही.