जांभळी राहिलेली नळी

मर्ल ट्रेगियरने ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडच्या दूध कारखान्यातल्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं एकच खेळ पाहिला. जांभळ्या नळीत दुधाचे थेंब सोडायचे, तीन तास ऊब द्यायची. दूध स्वच्छ असलं की नळी पिवळी होते. गाईला दिलेल्या औषधाचा अंश त्यात उतरला असला की जांभळीच राहते. पडदा सरकवावा तशी ती झाकण उचलायची, आणि पिवळ्याधमक रांगा पाहून मनातल्या मनात टाळ्या वाजवायची.

त्या मंगळवारी एक नळी जांभळी राहिली. क्रमांक बेचाळीस. तिच्या धाकट्या भावाचा, क्लॅरीचा गोठा.

हंगामातली तिसरी वेळ. तिसऱ्या वेळेला कारखाना त्या गोठ्याचं दूध कायमचं बंद करायचा. मर्लने पुन्हा तपासलं. पुन्हा जांभळी. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. दोन नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल करायला दोन बोटं पुरली असती.

तिने फोन उचलला.

"क्लॅरी, परत तेच."

"शक्यच नाही! औषधावरच्या गाईला मी स्वतः लाल पट्टी बांधतो. तिचं दूध टाकीत जात नाही, देवाशपथ."

"दोनदा तपासलं."

"मग तुझ्या नळीलाच डॉक्टर दाखव." तो हसला. ती हसली नाही, तेव्हा तोही थांबला. "मर्ल, तपासणीचा कागद वर पाठवलास?"

"अजून नाही."

"मग नको ना पाठवू. माझी उना जाऊन वर्ष नाही झालं गं. आता या गाईही गेल्या तर मी उठू कशासाठी?"

"ते दूध लेकरं पितात रे," ती म्हणाली. फोन ठेवला आणि कागद पाठवला.

संध्याकाळी ती गोठ्यावर गेली. यंत्रं घरघरत होती. कारखान्याने नाकारलेलं दूध नाल्यात चाललं होतं. क्लॅरीने मान वर केली नाही.

"औषधावरची कुठली?" तिने विचारलं.

"ही काय, लाल पट्टीवाली."

पट्टी हिरवी होती. हिरवी म्हणजे बरी झालेली गाय.

"आणि ही?"

"ही हिरवीवाली. बरी झाली."

तिच्या पायाला लालभडक पट्टी होती.

मर्लला परसातले टोमॅटो आठवले. लहानपणी क्लॅरी पिकलेले लाल समजून टोपलीभर हिरवे कच्चे तोडून आणायचा, आणि सगळं घर त्याला वेंधळा म्हणायचं. तीसुद्धा.

"पट्ट्या कोण बांधायचं रे आधी?"

"उनाच. लग्न झाल्यापासून ती म्हणायची, ही घे, ही सोड. मी कधी पाहिलंच नाही." मग हळूहळू त्याचा चेहरा उतरला. "कागद परत मागवता येईल?"

"नाही रे."

ती वाकली. लाल पट्टी सोडली, तिला मधोमध जाड गाठ मारली आणि पुन्हा बांधली. क्लॅरीने ओल्या बोटांनी ती गाठ चाचपली.

"एवढंच करायचं होतं?" तो म्हणाला.

पांढरी धार नाल्यात पडतच राहिली.