आप्पा डॉक्टरांचा रिकामा ग्रुप

आप्पा डॉक्टर परवा गेले. त्यांच्याशी मी शेवटपर्यंत खोटं बोललो.

ते जनावरांचे डॉक्टर. निवृत्त होऊन गडमुडशिंगीत राहत होते. आसपासच्या गोठ्यांतून त्यांच्या चॅट ग्रुपवर फोटो यायचे. सुजलेली कास, व्याल्यावर अडकलेली वार, पाय टेकत नसलेली म्हैस.

डॉक्टर प्रत्येकाला सविस्तर उत्तर लिहायचे. फुकट.

एका सकाळी ॲपवाल्यांनी त्यांचा नंबर आणि ग्रुप दोन्ही बंद केले. जखमांचे फोटो कुणीतरी रिपोर्ट केले असावेत. दाद मागायची कुणाकडे, तेच कळेना. सगळी उत्तरं गेली.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात. मी कोल्हापुरात शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून.

"मास्तर, दुसऱ्याच्या गोठ्यात आपली म्हस किती दिवस बांधायची? आपलं कायतरी बघूया की."

दोन महिने आम्ही डॉक्टरांच्या फोनवर ॲप बघत होतो. बाजारात बैलाचे दात बघावेत, तसं डॉक्टर प्रत्येक ॲप बघायचे.

"कोड उघडा हाय काय? चालवतंय कोण? आन् सोडून जाताना आपलं लिवल्यालं आपल्याला न्हेता येतंय काय?"

तीन ॲप नापास. चौथं पटलं. ओपन सोर्स, कुणाचा नंबर कुणाला न दाखवणारं. त्यावर नवा ग्रुप काढला. बोगस औषधं विकणारे घुसू नयेत म्हणून ॲडमिनच्या मंजुरीशिवाय प्रवेश नाही.

मी गावाच्या ग्रुपवर सगळ्यांना लिंक पाठवली.

सगळे म्हणाले, सगळे तिकडं गेले की आम्ही येतो.

कुणीच आलं नाही.

तरी डॉक्टर रोज लिहायचे. गेलेली उत्तरं आठवून आठवून, एकट्याच्या ग्रुपवर. मी एकदा विचारलं, वाचायला कुणी नाही, मग लिहिता कुणासाठी?

"माणसं येतील तवा रानात पीक उभं पायजे की."

मग म्हणाले, "दुसरा ॲडमिन तुमी व्हा मास्तर. मी काय अमरपट्टा घिऊन आलोय व्हय?"

मी सांगितलं, फोन शाळेनं दिलेला आहे, त्यात बाहेरचं ॲप घालता येत नाही.

फोन माझाच होता. कंटाळा, दुसरं काही नाही. सगळी दुनिया एकीकडे असताना आणखी एक ॲप कोण सांभाळणार?

"मग ऱ्हाऊ दे. नियमाभायेर नगा जाऊ."

इतकी ॲप उलटीसुलटी करून तपासणारा माणूस. मला नाही तपासलं त्यांनी.

परवा दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. त्या गडबडीत त्यांचा फोन बंद पडला. चालू केला तर पासवर्ड मागतोय. काकूंना माहीत नाही, मुलाला माहीत नाही.

गावाच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. मधेच कुणाचा तरी मेसेज, "डॉक्टर हायत काय? म्हस चारा खाईना झालीया." त्याच्याखाली पुन्हा जोडलेले हात.

आज रक्षाविसर्जनाला बिद्रीकडचा एक शेतकरी जवळ आला.

"पावणं, तुमी कॉम्प्युटरचं मास्तर न्हवं? डॉक्टरांनी लिवल्यालं कुठं मिळंल? आता इचारायचं कुणाला आमी?"

तिथंच उभ्या उभ्या मी ते ॲप घेतलं. एक मिनिट लागलं. लिंक दाबली.

"तुमची विनंती ॲडमिनकडे पाठवली आहे. मंजुरी मिळेपर्यंत वाट पाहा."

तो माझ्या स्क्रीनकडे वाकून बघत होता.

"कवा हुईल ओ मंजूर?"



भावपूर्ण श्रद्धांजली म्हणायला तोंड नाही मला.

डॉक्टर, माफ करा.